आधी एक मिनिट गप्प बसा

मागच्या मे महिन्यात एका प्रकाशकाच्या ऑडिओबुकसाठी साडेनऊ तासांची कादंबरी घरी माईकसमोर वाचली. अठरा दिवस, पंखा बंद, घामाच्या धारा. वाचन आवडलं असं कळवून आलं, आणि त्याच मेलच्या दुसऱ्या ओळीत एडिटरचा प्रश्न होता: रूम टोनची, म्हणजे कुणी बोलत नसतानाच्या खोलीच्या शांततेची, फाइल कुठे आहे? नव्हती. अठरा दिवसांत एकदाही केली नव्हती. पुढे काय झालं ते सांगतेच. आता नवं पुस्तक हातात आलंय, म्हणून ही तयारी लिहून काढतेय. माईक, स्टँड, हेडफोन तुमच्याकडे आहेतच असं धरते.

सगळ्यात आधी पैसे, आणि तेही फोनवर नाही, मेलवर. ‘तासाला इतके’ म्हणजे कुठल्या तासाचे? ऐकणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या तयार तासाचे, की तुम्ही खोलीत बसलेल्या तासाचे? माझा एक तयार तास वाचायला दोन तास जातात आणि साफ करायला तीन. म्हणजे या एका शब्दावरून पैसे पाचपट इकडेतिकडे होतात. दुरुस्त्यांचंही तेव्हाच लिहून घ्या. माझी चूक असेल तर फुकट वाचून देईन. लेखकाला रेकॉर्डिंगनंतर वाक्य बदलावंसं वाटलं तर त्याचे पैसे वेगळे. पुस्तकाचे ऑडिओ हक्क कुणाकडे आहेत तेही विचारा. छापायचे हक्क असले म्हणजे ऐकवायचेही असतात असं नाही. साने गुरुजी १९५० साली गेले आणि आपल्या कायद्यात लेखकामागे ६० वर्षं धरतात, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. हयात लेखकाच्या बाबतीत असली गणितं मनात करू नका, लेखी विचारा.

मग पुस्तक पूर्ण वाचा. हो, पूर्ण. बाराव्या प्रकरणात कळतं की काकांचा आवाज घोगरा आहे आणि तोवर तुम्ही त्यांना अकरा प्रकरणं गोड गळ्याने बोलवलेलं असतं. पेन्सिल घेऊन च, ज, झ वर खुणा करा. ‘जग’ म्हणजे दुनिया असेल तर तालव्य, ‘जग’ म्हणजे जगून घे असेल तर दंत्य, आणि छापलेलं दोन्ही एकच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या च चंही तेच. वाचताना जीभ सवयीने कुठेतरी जाते आणि ऐकणारा तिथेच अडखळतो. संवाद मालवणीत किंवा अहिराणीत असतील तर लेखकाकडून दोन पानं व्हॉट्सॲपवर वाचून मागवा. पुण्यात बसून केलेली मालवणी कोकणात ऐकवत नाही.

खोलीचं थोडक्यात. माईकमागच्या भिंतीवर गोधडी, खिडकीला जाड पडदा, लोखंडी कपाटाला चादर (ते घुमतं, आतले हँगर वाजतात). फ्रिज बंद करणार असाल तर स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही. शेजारच्या काकूंना कुकर कधी लावता ते विचारून ठेवा. चिडत नाहीत, उलट पुढे शिट्ट्या मोजून सांगतात. पावसाळ्यात पत्रा, गणपतीच्या आधी दोनेक महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव, उन्हाळ्यात पहाटेपासून कोकीळ. पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये वाक्य पुन्हा घ्यावं लागतं, एवढंच.

आता ती गोष्ट. वाचायला सुरुवात करण्याआधी, खुर्चीत बसून, माईक चालू ठेवून, गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) जितका वाचताना असणार तितकाच ठेवून, एक मिनिट गप्प बसा आणि ते रेकॉर्ड करा. श्वास हळू. कागद हातात नको. खोलीतून उठून जाऊ नका, कारण खोलीत माणूस असताना आणि नसताना ती वेगळी वाजते. यालाच रूम टोन म्हणतात. कुठलीच खोली पूर्ण शांत नसते. लांबचा रस्ता, भिंती, माईकची स्वतःची सळसळ असं सगळं मिळून वाक्यांखाली एक पातळ थर पसरलेला असतो. तो ऐकू येत नाही, पण तुटला की कानाला लगेच कळतं. एडिटर खोकला कापतो, तिथे भोक पडतं. त्यात नुसतं शून्य भरलं तर हेडफोनमध्ये फोन कट झाल्यासारखं वाटतं. त्या भोकाला ठिगळ लागतं ते त्याच खोलीचं, त्याच दिवसाचं. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नमुना म्हणून हेच हवं असतं.

मला वाटलं, वाक्यांच्या मधे शांतता आहेच की, तिथली उचलतील. नाही उचलता येत. मधे माझा श्वास होता, पान होतं, गिळलेला आवंढा होता. अर्धा सेकंदही स्वच्छ नव्हता. मी म्हटलं, आता करून पाठवते. तोवर जून लागला होता, शेजारच्या पत्र्यावर पागोळ्या गळत होत्या आणि ती मेमधली कोरडी खोली उरलीच नव्हती. चार प्रकरणं पहिल्यापासून वाचली. तीन आठवडे उशीर झाला. त्या प्रकाशकाचा फोन पुन्हा आलेला नाही.

म्हणून रोज. एकदा केलं, झालं, असं नाही. रोज, प्रत्येक बैठकीला, आणि मधे इन्व्हर्टरवर जावं लागलं तर परत. मी माईकच्या स्टँडवर चिठ्ठीच चिकटवली आहे: ‘गप्प?’

वाचताना: गेनच्या बटणाचा फोटो काढून ठेवा, आणि बसण्याआधी कालची शेवटची दोन मिनिटं ऐका, नाहीतर आजचा आवाज कालच्यापेक्षा वरच्या पट्टीत लागतो. चुकलात की टाळी वाजवा, नंतर आवाजाच्या आलेखात तो सुळका दिसतो आणि शोधत बसावं लागत नाही. पोट रिकामं ठेवू नका, तेही बोलतं. एक मिनिट केलंत ना? विचारतेय फक्त.

मग सफाई. मला बहुतेक वेळा एसीएक्सचे (ॲमेझॉनच्या ऑडिओबुक मंचाचे) आकडे मागतात: आरएमएस, म्हणजे सरासरी आवाज, उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे ३ च्या आत, खोलीचा थर उणे ६० च्या खाली. मूळ फाइल वेव्ह (.wav) प्रकारात, दोन ठिकाणी. प्रकरणांच्या फाइलला आकड्यांनी नावं, ‘फायनल_नवं_२’ नको. रूम टोनची फाइल तारखेसह वेगळी जोडा. बिलात पॅन, कापलेला टीडीएस पोर्टलवर दिसतोय ना ते बघा. बाकी तुम्हाला माहीत आहे.

उद्या गुरुवार, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे. शुक्रवारी सकाळी सहाला बसते, कुकरच्या आधी.