बाप शेतकरी आहे, हे व्हिसाच्या खिडकीवर लपवू नका

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची तयारी करून देणाऱ्यांचा पहिला सल्ला बहुतेक वेळा ठरलेला असतो: "वडील शेतकरी आहेत असं म्हणू नका, अ‍ॅग्री-बिझनेस म्हणा." मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं आणि एम.एस.साठी टेक्सासच्या लबक शहरात आले. हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मला त्याचा अजून राग येतो. एक तर तो खोटेपणाकडे नेतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे सांगण्यासारखं जे सगळ्यात भक्कम असतं, तेच तो झाकून ठेवायला लावतो.

आधी कायदा समजून घ्या. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) असं धरूनच चालतं की तुम्ही तिकडे कायमचं राहायला निघालात. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची. समोरच्या अधिकाऱ्याला पाहायचं असतं की ही मुलगी खरंच शिकायला चालली आहे का, पैसा कुठून येणार आणि परत येण्यासारखं तिचं इथे काय आहे. त्यासाठी त्याच्याकडे दोन-तीन मिनिटं असतात. तुम्ही भरलेला डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, त्याच्या पडद्यावर असतोच. कागदपत्रांची फाइल तो उघडेलच असं नाही.

मग फाइल कशाला करायची? कारण ती करताना घरचा पैशाचा हिशेब तुमचा तुम्हाला कळतो, आणि खिडकीवर तोच विचारतात.

आपल्याकडचं खरं दुखणं असं की घरची सगळी मालमत्ता वावरात असते आणि बँकेला वावर चालत नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. बाबा सातबारा आणि आठ-अ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेत गेले. साहेबांनी पिशवी उघडूही दिली नाही. कारण साधं आहे. थकलेलं कर्ज कोर्टात न जाता वसूल करायला बँका सरफेसी कायदा वापरतात आणि त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज बुडालं तर शेत विकून पैसे काढायचा सोपा रस्ता बँकेकडे नाही. बाबांना हे कोण सांगणार? ओट्यावर बसून ते म्हणाले, "पीककर्जाले वावर चालते, पोरीच्या शिक्षनाले चालत नाही. हे कोनतं गनित हाय?" गावठाणातल्या घराचंही तेच. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि बऱ्याच बँका तो घेत नाहीत. त्यांना एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर नाहीतर एफडी लागते.

आमच्याकडे मामा उभे राहिले. त्यांचं अमरावतीतलं घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेच्या पॅनलवरचा वकील जुनी खरेदीखतं काढून सर्च रिपोर्ट करतो आणि व्हॅल्युअर टेप घेऊन घर मोजतो. हे सगळं घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत होतं, याचा विचार आपण पोरं करत नाही. व्हॅल्युअर स्वयंपाकघरात आला तेव्हा मामीनं गॅस बारीक केला, ओट्यावरचे डबे सरकवले आणि मला एवढंच विचारलं, "हप्ते कधीपासून चालू होतात वो?" शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षानं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग बरं." या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर कोणाचंही घर मागायला जाऊ नका. पुढे मुंबईत अधिकाऱ्यानं कर्जाबद्दल विचारलं तेव्हा मला नवीन काही आठवावं लागलं नाही. मामीला सांगितलं तेच सांगितलं.

तारणाइतकंच महत्त्वाचं खात्यातलं येणं-जाणं. खेडा खरेदीत व्यापारी दारात काटा लावतो आणि रोख मोजतो, पण त्या पैशाचा कागदावर मागमूस राहत नाही. तोच कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला घातला तर चुकारा आधारला जोडलेल्या खात्यात येतो. रोकड लगेच हातात पडत नाही हे खरं, पण पासबुकावर ओळ उमटते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावानं विकलेल्या मालाच्या चार नोंदी दाखवता आल्या तर शेतकरी बापाचं उत्पन्न तोंडी राहत नाही. ज्या घरचं पोर पुढच्या ऑगस्टला जाणार, त्या घरानं यंदाचा कापूस तरी खात्यावर विकावा. सोयाबीन, तूर बाजार समितीत गेली असेल तर हिशोबपट्ट्या जपा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आयटीआर भरतच नाही, असं गावात सगळेच म्हणतात. तरी दोन-तीन वर्षांचे रिटर्न भरून ठेवले तर बरं. एक लक्षात ठेवा, शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सीएला हे स्वतःहून सांगा.

आता जरा नाजूक विषय. शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून काढलेला उत्पन्नाचा दाखला आपल्या प्रत्येकाकडे असतो, आणि त्यावरचा आकडा किती खरा असतो हेही सगळ्यांना माहीत असतं. एकाच फाइलमध्ये साठ हजारांचा दाखला आणि 'वडील वर्षाला दहा लाख कमावतात' असं सांगणारं पत्र ठेवलंत तर तुम्हीच तुमच्याविरुद्ध साक्ष दिलीत. एकच गोष्ट सांगा आणि ती खरी असू द्या. उत्पन्न थोडं असेल तर थोडं म्हणा, खर्च कर्जातून किंवा शिष्यवृत्तीतून होणार आहे म्हणा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत. यातलं एखादं मंजुरीपत्र हातात असेल तर बापाच्या उत्पन्नाचा प्रश्न बराच मागे पडतो.

'बॅलन्स दाखवून देतो' म्हणणारेही भेटतील. महिनाभरासाठी खात्यात पैसे टाकायचे, स्टेटमेंट काढायचं, पैसे परत, त्यांचं कमिशन त्यांना. अशांना दारातूनच वाटेला लावा. खोटा कागद सापडला तर प्रकरण एका नकारावर थांबत नाही, अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो.

फॉर्मबद्दल थोडक्यात. विद्यापीठाकडून आय-२०, म्हणजे प्रवेशाचा फॉर्म, आला की ३५० डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची), मग डीएस-१६०, मग १८५ डॉलरची व्हिसा फी आणि मुलाखतीचा स्लॉट. डीएस-१६० सेतू केंद्रावाल्याकडून भरून घेऊ नका, त्यातल्या प्रत्येक उत्तराला तुम्हीच जबाबदार आहात. वीसेक मिनिटं हालचाल नसली की ते पान बंद पडतं आणि आपल्याकडे लाइनीचा काही भरवसा नाही, म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा. फोटो चष्म्याशिवाय. आय-२० वरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. मार्कशीटवर आडनाव आधी येतं, तिथेच घोळ होतात. मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती फॉर्ममध्ये लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती पब्लिक ठेवायला सांगतात. भावाच्या वाढदिवसाचे बॅनर दिसले तर दिसू द्या.

बोलण्याच्या तयारीत मात्र मी हात राखला नाही, आणि इथेच क्लासवाल्यांशी माझं वाजतं. ते छापील उत्तरं देतात: 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा.' हेच वाक्य अधिकारी सकाळपासून ऐकत असतो. मी उलटं केलं. आधी बाबांना वऱ्हाडीत पटवायचं, मग तेच इंग्रजीत न्यायचं. बाबा काही सोपे परीक्षक नव्हते.

"तिकडे कापूस पिकते का?"

पिकतो, लबकच्या आजूबाजूला नजर जाईल तिथवर कापूसच आहे.

"मंग वेचते कोन?"

मशीन वेचते, बोंडासकट ओरबाडून घेते.

"आपल्या वावरात ते मशीन चालन का? नाही ना? मंग तू तिकडे जाऊन काय शिकशीन?"

इथे मी अडले, आणि त्या अडण्यातूनच उत्तर निघालं. लबकला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्याही आत पाऊस पडतो, यवतमाळला त्याच्या दुपटीच्या आसपास. तिथले शेतकरी ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यावर पिकं काढत आले, आता तो साठा खाली चालला आहे आणि बरीचशी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, पुन्हा पावसाच्या भरवशावर येते आहे. कमी पाण्यात मातीत ओल कशी धरून ठेवायची, यावर तिथे काम चालतं. आमचं बारा एकर कोरडवाहू आहे, पाऊस जास्त असूनही ऑगस्टमध्ये खंड पडला की पऱ्हाटी माना टाकते. हे ऐकून बाबा म्हणाले, "हे आधीच सांगाचं ना." तेच उत्तर मी इंग्रजीत सोप्या शब्दांत बसवलं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे आणि जिथे पाठ केल्यासारखं वाटेल तिथलं वाक्य मोडून टाकायचे. उच्चारांची काळजी करू नका. त्यांचं बोलणं मात्र भरभर असतं, म्हणून 'सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?' हे न अडखळता म्हणता आलं पाहिजे. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजानं उत्तर देण्यापेक्षा ते शंभर पटीनं चांगलं.

मुंबईला आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग कॉन्सुलेट. माझं दोन्ही बांद्रा-कुर्ला संकुलात होतं, वेगवेगळ्या दिवशी. आम्ही धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं गेलो. मुलाखतीच्या दिवशीच पहाटे उतरून धावपळ करायचा विचारही करू नका, राहायची सोय बघा. कॉन्सुलेटमध्ये फोन आणि बॅग नेता येत नाही, तेव्हा या वस्तू सांभाळायला सोबतचं माणूस बाहेर हवं. बाबा माझा फोन खिशात घालून फुटपाथवर उभे होते.

काचेपलीकडे तरुण अधिकारी होता. हेच विद्यापीठ का, असं त्यानं विचारलं. मी पाण्याचं सांगितलं, चार वाक्यांत. मग वडील काय करतात? "ही इज अ फार्मर. वुई ग्रो कॉटन अँड सोयाबीन." त्यानं मान वर केली. एवढा खर्च शेतकरी कसा करणार? मी म्हटलं, शेतीतून होणार नाही, कर्ज मंजूर आहे, मामांचं घर तारण आहे, हप्ते शिक्षणानंतर सुरू होतील. घरी विहीर आहे का, हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आहे, पण मार्चमध्ये आटते, म्हटलं. शिकून झाल्यावर काय? नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला आमचं विद्यापीठ आहे, कोरडवाहू कापसावर काम करायचं तर ते याच पट्ट्यात करावं लागेल, असं सांगितलं. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला. फाइल उघडली नाही. बँकेला जे वावर नको होतं, ते या खिडकीवर कामी आलं.

प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. दिग्रसकडच्या एका मुलाला २१४(बी)खाली नकार मिळाला. उत्तरं चांगली होती, पण कोर्स का बदलला हे त्याला सांगता आलं नाही. त्या नकारावर अपील नसतं. पुन्हा अर्ज मात्र करता येतो, व्हिसा फी नव्यानं भरून. तीच उत्तरं घेऊन लगेच परत उभं राहण्यात अर्थ नाही, आधी काय सुटलं ते शोधा. २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली तर गडबडू नका. त्यात एखादा कागद मागतात किंवा तपासणी चालू ठेवतात. मागितला असेल तेवढाच कागद द्या. गावात मात्र तोवर 'पोरीचा व्हिसा फेल झाला' अशी बातमी फिरते आणि लग्नाची स्थळं येऊ लागतात, त्याची तयारी आईनं ठेवावी.

व्हिसा मिळाल्यावरही कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत उतरता येत नाही, तिकीट त्या हिशोबानं काढा. आय-२०, कर्जमंजुरीचं पत्र आणि विद्यापीठाचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. आपल्यासारख्यांसाठी शेवटचं एक. अलीकडे शेतात गेला होतात का, असं तिथल्या कस्टम्सवाल्यांना सांगावं लागतं. खरं सांगा. कापसाचं बी, घरची माती, मातीचा नमुना काही नेऊ नका, आणि वावरात घातलेले बूट न्यायचेच असतील तर तळव्यांतली काळी माती ब्रशनं घासून काढा. ती सुकली की सहज निघत नाही, म्हणून आदल्या दिवशीच भिजत घाला.