भाषा शिकवणे आणि भाषेतून शिकवणे: कॅलिफोर्नियात द्वैभाषिक शिक्षिका होताना

माझ्या फाइलमध्ये कॅलिफोर्नियाच्या सीसेट या, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे विषयज्ञान तपासणाऱ्या परीक्षेच्या स्पॅनिश विषयाची पाच उत्तीर्ण गुणपत्रके आहेत, आणि आज मी ज्या तिसरीच्या वर्गाला शिकवते त्या वर्गासाठी त्यांपैकी दोहोंचा काडीचाही उपयोग झालेला नाही. त्या दोन गुणपत्रकांपायी माझे जवळजवळ एक वर्ष गेले. स्पॅनिश किंवा मँडरिन चांगली येते, तेव्हा द्वैभाषिक शाळेत शिकवावे, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पहिले परीक्षा शुल्क भरण्याआधी त्या वर्षाची हकिगत वाचावी.

सरकारी शाळेत शिकवण्यासाठी क्रेडेन्शियल लागते, ते राज्याचा शिक्षक-परवाना आयोग म्हणजे सीटीसी देतो आणि त्यासाठी पदवी, प्रशिक्षण, बोटांचे ठसे वगैरे सोपस्कार असतात, हे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालते. बायलिंग्वल ऑथरायझेशन, म्हणजे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवण्याची मुभा, हा मात्र स्वतंत्र परवाना नव्हे. ते मूळ क्रेडेन्शियलला जोडले जाते, आणि मूळ क्रेडेन्शियल चुकीचे निवडले असेल तर जोडलेले ऑथरायझेशनही चुकीच्या जागी जाऊन बसते. १९९८ साली मतदारांनी संमत केलेल्या प्रपोझिशन २२७ मुळे या राज्यात द्वैभाषिक वर्ग जवळजवळ आटले होते, आणि २०१६ च्या प्रपोझिशन ५८ ने ती बंधने उठवली. मधल्या अठरा वर्षांत ज्या मुलांनी घरच्या भाषेतून शिकून पुढे शिक्षक व्हायचे, त्यांना ती भाषा शाळेत फारशी भेटलीच नाही, आणि आजच्या टंचाईचे हे एक मोठे कारण आहे. पुढे २०१८ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २०३० पर्यंत १,६०० ड्युअल इमर्शन, म्हणजे दोन भाषांतून शिकवणाऱ्या, कार्यक्रमांचे उद्दिष्ट जाहीर केले. मागणी खरी आहे; पण मागणी आहे म्हणून कागदपत्रांत कोणी डोळेझाक करील, अशी आशा धरू नये.

आता मी जिथे अडकले, ती जागा जरा सविस्तर सांगते. स्पॅनिशच्या सीसेटचे पाच भाग आहेत. पहिला भाषाशास्त्राचा, दुसरा साहित्याचा व सांस्कृतिक परंपरांचा आणि तिसरा प्रत्यक्ष भाषेचा, म्हणजे ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांचा. चौथा भाग द्वैभाषिकता आणि द्वैभाषिक शिक्षण यांचा, तर पाचवा ती भाषा बोलणाऱ्या समाजाच्या भूगोलाचा, इतिहासाचा आणि सामाजिक-राजकीय परिस्थितीचा. प्रत्येक भागात उत्तीर्ण होण्यासाठी २२० हा प्रमाणित गुणांक लागतो. माध्यमिक शाळेत स्पॅनिश हा विषय शिकवणाऱ्याला पहिला, दुसरा आणि तिसरा भाग द्यावा लागतो; परीक्षेच्या मार्गाने बायलिंग्वल ऑथरायझेशन मिळवणाऱ्याला तिसरा, चौथा आणि पाचवा. तिसरा भाग दोन्हीकडे सामाईक असल्यामुळे आपण कोणत्या वाटेवर उभे आहोत, हे बराच काळ लक्षातही येत नाही.

माझे शिक्षण स्पॅनिश साहित्यात झालेले होते. एक-दोन-तीन असा क्रम समोर दिसला आणि सर्व्हान्तेसपासून पुढचे सारे वाचलेले असल्यामुळे दुसरा भाग सोपा वाटला. विद्यापीठातील सल्लागार बाईंनी मला विचारले, ‘तुम्हाला स्पॅनिश शिकवायची आहे ना?’ मी ‘हो’ म्हणाले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि माझे उत्तरही. फक्त दोघींच्या मनातले वर्ग निराळे होते. मराठीत हा फरक एवढ्याशा ‘तून’ मध्ये मावतो: भाषा शिकवणे वेगळे आणि भाषेतून शिकवणे वेगळे. त्या संभाषणात तो ‘तून’ गळून पडला आणि मी सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियलच्या, म्हणजे माध्यमिक शाळेत एकच विषय शिकवण्याच्या परवान्याच्या, अभ्यासक्रमात प्रवेश घेतला.

चूक उघडकीला आली ती एका डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, भरती विभागात. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक दिवसभर त्याच मुलांना वाचन, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र शिकवतो, आणि अशा वर्गासाठी मल्टिपल सब्जेक्ट क्रेडेन्शियल लागते. माझ्या हातातले कागद मला नववीच्या मुलांना क्रियापदे शिकवण्याच्या वाटेवर नेत होते; तिसरीच्या मुलांना अपूर्णांक शिकवण्याच्या वाटेवर मुळीच नाही. समोरच्या बाईंनी ते अतिशय सौम्य शब्दांत सांगितले, त्यामुळे मला ते नीट कळायला घरी पोहोचावे लागले.

म्हणून कोणत्याही सल्लागाराला ‘मला द्वैभाषिक शिक्षक व्हायचे आहे’ एवढेच सांगून थांबू नका, कारण ते वाक्य ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. ‘माझ्यासमोर अमुक इयत्तेची मुले असतील आणि त्यांच्या हातात अमुक विषयाचे पुस्तक असेल’ असे सांगा. प्राथमिक वर्ग असेल तर मल्टिपल सब्जेक्ट आणि त्यावर बायलिंग्वल ऑथरायझेशन. ज्याच्याकडे गणिताचे सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल आहे, त्याने त्यावर हेच ऑथरायझेशन घेतले तर तो माध्यमिक शाळेत बीजगणित स्पॅनिशमधून शिकवू शकतो, ही वाट फार थोड्यांना सुचते. भाषा हाच विषय शिकवायचा असेल तर ऑथरायझेशनच्या मागे धावण्याचे कारणच नाही. मिळालेले उत्तर लेखी घ्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रकाशी ताडून पाहा. मँडरिनच्या उमेदवारांनी स्पॅनिशचे भाग-क्रमांक जसेच्या तसे उचलू नयेत, आपल्या भाषेसमोर काय लिहिले आहे ते पाहावे. टेक्सस किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसाठी तर परीक्षा आणि परवान्यांची नावेही निराळी आहेत, तेव्हा माझे हे क्रमांक त्यांनी विसरून जावेत.

मल्टिपल सब्जेक्टकडे वळल्यावर मला त्याच्या विषय-परीक्षेचे तीन भाग नव्याने द्यावे लागले. त्यात विज्ञान आणि गणित होते, शारीरिक शिक्षण आणि चित्रकलाही होती, आणि चौथीच्या मुलांना शिकवला जाणारा कॅलिफोर्नियाचा इतिहास मला त्या मुलांच्या आधी जेमतेम काही महिने समजला. याची लाज वाटून घेऊ नये. मोठ्या वयात चौथीचे पुस्तक वाचण्यात एक वेगळीच मजा असते.

कागद दुरुस्त झाले, पण ‘तून’ ने पाठ सोडली नव्हती. प्रत्यक्ष वर्गात माझा पहिला आठवडा अपूर्णांकांचा होता. मी शब्द घोटून गेले होते, अंश म्हणजे ‘नुमेरादोर’, छेद म्हणजे ‘देनोमिनादोर’. लिंगवचनाची एक चूक होऊ दिली नाही, मुलांच्या चुका मात्र हसतमुखाने सुधारत राहिले. तास संपल्यावर माझ्या मार्गदर्शक शिक्षिका म्हणाल्या, ‘आज तुम्ही स्पॅनिश छान शिकवलीत. अपूर्णांक उद्या शिकवू या.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पट्ट्या वाटल्या, मुलांना घड्या घालायला लावल्या, आणि मुले त्रुटित स्पॅनिशमध्ये का होईना, पण एकतृतीयांश हा एकचतुर्थांशाहून मोठा का, यावर भांडू लागली. त्या मध्ये पडल्या नाहीत.

असे बारीक फरक पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, मुलांच्या वह्यांत सापडतात. मेक्सिकोत शिकलेल्या अनेक पालकांची भागाकाराची मांडणी दिसायला इथल्यासारखीच असते, पण वजाबाकी मनात करून ते फक्त बाकी खाली लिहितात. एका मुलाने घरी वडिलांकडून तसा भागाकार शिकून आणला आणि मी त्यावर ‘पायऱ्या गाळल्या’ असा शेरा मारला. उत्तर बरोबर होते, रीतही बरोबर होती. चुकला होता तो शेरा. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतील बऱ्याच देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तर मेक्सिकोत टिंब. स्पॅनिशमधला ‘बिल्योन’ म्हणजे एकावर बारा शून्ये, इंग्रजीतला बिलियन म्हणजे एकावर नऊ. स्पॅनिश साहित्याच्या कोणत्याही परीक्षेत मला यांपैकी एकही गोष्ट कोणी विचारली नव्हती.

मार्गदर्शकांबद्दल माझे मत ठाम आहे, आणि ते काहींना एकांगी वाटेल. परिषदांमधून उत्तम बोलणारी माणसे मार्गदर्शक म्हणून फारशी कामाची नसतात. ज्या इयत्तेला तुम्ही शिकवणार, त्याच इयत्तेला त्याच भाषेतून किमान पाच वर्षे शिकवलेली व्यक्ती शोधा, ती कितीही तुटक बोलत असली तरी. कॅलिफोर्नियात प्राथमिक क्रेडेन्शियलच्या अभ्यासक्रमाला किमान ६०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्यांतले जितके तास द्वैभाषिक वर्गात मिळतील तितके मागून घ्या, कारण ते आपोआप मिळत नाहीत.

इंटर्न होऊन पहिल्या दिवसापासून पगार घेण्याचा मार्गही आहे, आणि त्यासाठी आधी किमान १२० तासांचे प्रशिक्षण पुरते. पैशांची नड असेल तर तो मार्ग घेण्यात कमीपणा नाही. पण शाळेत त्या भाषेतून शिकवणारे दुसरे कोणीच नसेल, तर मी तो घेऊ नये म्हणेन. एकटे पडलेले इंटर्न वर्गाला लागणारा सगळा मजकूर रात्री जागून अनुवादित करत बसतात आणि वर्षअखेरीस पेशाच सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथ्या आणि पाचव्या भागासाठी तयार उत्तरांचे संच मिळतात. मी एक विकत घेतला होता आणि त्यात नुसती संज्ञांची माळ होती. चौथ्या भागात वर्गातल्या प्रसंगावर लिहायचे असते, तेव्हा संज्ञा कोणत्या प्रश्नातून जन्मली हे ठाऊक असावे लागते. द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. मैदानावर अस्खलित बोलणारे मूल विज्ञानाचा परिच्छेद वाचताना का अडखळते, ते या भेदावरून समजते. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक विद्यार्थ्यांच्या बाजूने लागलेला १९७४ चा लाऊ विरुद्ध निकल्स हा निकाल पाठ करण्यापेक्षा, सर्वांना सारखीच पुस्तके आणि सारखेच शिक्षक देणे न्यायालयाला पुरेसे का वाटले नाही, हे चार ओळींत लिहून पाहावे. पाचव्या भागासाठी माझा सर्व्हान्तेस निरुपयोगी ठरला. तिथे अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील १८४८ चा ग्वादालूपे हिदाल्गो तह, मेक्सिकन मजुरांना अमेरिकेत आणणारी १९४२ ते १९६४ मधील ब्रासेरो योजना, मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्धचा मेंडेझ खटला, असे सारे माझ्या कामी आले. आजही एखादा आजोबा पालकसभेत उठून बोलू लागतो, तेव्हा तो यांतल्याच कशाबद्दल तरी बोलतो.

मँडरिनची वाट मी जवळून पाहिली ती माझ्याबरोबर प्रशिक्षण घेणाऱ्या मैत्रिणीमुळे. तिची मातृभाषाच मँडरिन असल्यामुळे भाषेची परीक्षा हा तिचा प्रश्न नव्हता. कोणत्या शाळेत चिनी लिपीची सरलीकृत चिन्हे शिकवतात आणि कोणत्या शाळेत पारंपरिक, हे तिने अर्ज करण्यापूर्वी विचारले नव्हते, आणि फळ्यावर लिहिताना हात सवयीच्या चिन्हांकडे वळायचा. पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत, शिकवताना तीच अक्षरे इंग्रजीत वेगळा उच्चार घेतात, त्यामुळे पहिलीच्या मुलांचा गोंधळ होतो. अपूर्णांक तर उलट दिशेने वाचला जातो: दोनतृतीयांश म्हणताना ‘तीन भागांपैकी दोन’ अशा क्रमाने छेद आधी येतो. मोठ्या संख्यांचे गट दहा हजारांच्या पटीने पडतात, आणि लाख-कोटीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे नवल वाटत नसले, तरी दोन भाषांतून गणित शिकणाऱ्या मुलाला दर वेळी मनात स्थाने सरकवावी लागतात.

भारतातील पदवी असणाऱ्यांनी तिचे मूल्यांकन आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडून सर्वांत आधी करून घ्यावे. तीन वर्षांची पदवी इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईलच असे नाही. माझी पदव्युत्तर पदवी होती म्हणून मी निभावले. मूल्यांकन हातात येण्याआधी कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरू नका, मग प्रवेशाची मुदत उलटली तरी चालेल.

उच्चारांची भीती मात्र सोडून द्या. माझी स्पॅनिश ऐकून ती माझी मातृभाषा नाही हे पालकांना पहिल्याच वाक्यात कळते, आणि आजवर एकाही पालकाने त्यावरून वर्ग बदलून मागितलेला नाही. मुले तर अधिक उदार असतात. पिकअप गाडीला ती ‘त्रोका’ म्हणतात, मी पुस्तकातला शब्द वापरते, आणि आम्ही दोन्ही शब्द भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवतो. मुलाखतीत मला पाच मिनिटांचा विज्ञानाचा पाठ घ्यायला सांगितले आणि नंतर एका नाराज आईची भूमिका करणाऱ्या मुख्याध्यापिकेशी बोलायला लावले. तिला मुलाचे इंग्रजी मागे पडण्याची काळजी होती. त्या दहा मिनिटांत मी व्याकरणाच्या दोन चुका केल्या आणि नोकरी मिळाली.

सुरुवातीचे क्रेडेन्शियल पाच वर्षांचे असते आणि त्या मुदतीत इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांसाठीचा मार्गदर्शन कार्यक्रम, पूर्ण करावे लागते, पण त्याची चिंता आज नको. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी स्पॅनिशचा तिसरा भाग सर्वांत आधी दिला असता, कारण तो दोन्ही वाटांवर चालतो. आणि पुढच्या कोणत्याही भागाचे शुल्क भरण्यापूर्वी एखाद्या द्वैभाषिक तिसरीच्या वर्गात परवानगी घेऊन आठवडाभर मागे बसले असते, विशेषतः गणिताच्या तासाला.