कधी दिसते, कधी नाही: मशीन सुरू होताना गायब होणारी हार्ड डिस्क

कायमची बंद पडलेली डिस्क शोधायला सोपी असते. अधूनमधून दगा देणारी डिस्क मात्र चकवते, कारण तुम्ही काहीही केलंत तरी पुढच्या वेळी ती दिसण्याचीच शक्यता जास्त. केबल हलवली, डिस्क दिसली, झालं काम, असं वाटतं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी दोन कामं करा. डिस्क दिसतेय तोवर तिच्यावरचा महत्त्वाचा डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या. हे उद्यावर टाकू नका. आणि एक कागद घेऊन प्रत्येक सुरुवातीची नोंद ठेवा: मशीन आधी किती वेळ बंद होतं, डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) दिसली का, नुसतं रीस्टार्ट केल्यावर दिसली का, डिस्क फिरल्याचा आवाज आला का. आठ-दहा नोंदी झाल्या की बिघाड कुठल्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा कागदच सांगतो.

बायोसमध्ये दरवेळी दिसते पण विंडोजमध्ये कधीकधी नाही, असं असेल तर आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून ती ऑफलाइन पडली आहे का, ड्राइव्ह लेटर (D:, E: असं अक्षर) गेलं आहे का ते पाहा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करून बघा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज आपली आधीची स्थिती साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं.

सकाळी दिसत नाही, रीस्टार्ट केलं की दिसते

हा नेहमी आढळणारा प्रकार. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या थांबलेल्या अवस्थेतून मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्यांवर जायला काही सेकंद लागतात, कधी दहाच्याही वर. बायोसने त्याआधीच शोध आटोपला तर डिस्क यादीत येत नाही. रीस्टार्टमध्ये वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच असतात, म्हणून ती लगेच सापडते.

बायोसमधलं फास्ट बूट बंद करा. सुरुवातीच्या तपासणीला विलंब देण्याची सोय असेल तर 5 ते 10 सेकंद द्या. एवढ्याने डिस्क नियमित दिसू लागली तर उशीर हेच कारण होतं हे नक्की झालं, पण प्रश्न तिथे संपत नाही. वर्षानुवर्षं वेळेत उठणारी डिस्क आता उशिरा का उठते? एकतर तिची मोटर थकली आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही.

वेग घेताना अशी एक डिस्क 12 व्होल्टच्या तारेतून सुमारे 2 अँपिअर ओढते; एकदा वेगात आली की त्याच्या कितीतरी कमी. तीन-चार डिस्क एकदम उठल्या की जुना पॉवर सप्लाय क्षणभर दबतो. त्यातले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) म्हातारे झाले असतील तर थंडीत ते आणखी कमी पडतात आणि मशीन जरा गरम झालं की सगळं सुरळीत चालतं. मल्टिमीटरचा काळा प्रोब मोकळ्या चार पिनी कनेक्टरच्या काळ्या तारेवर ठेवा. लाल प्रोब पिवळ्या तारेवर ठेवल्यावर 11.4 ते 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, लाल तारेवर 4.75 ते 5.25. मात्र आकडा बरोबर आला म्हणून पॉवर सप्लाय निर्दोष ठरत नाही; क्षणापुरती पडझड साधा मीटर दाखवत नाही. खात्री करायची तर बाकीच्या डिस्क काढून ही एकटीच लावून बघा किंवा दुसरा पॉवर सप्लाय जोडून बघा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज टिकून राहतं.

कशाचाच मेळ लागत नाही

कॅबिनेटला धक्का लागला की दिसते, दुसऱ्या दिवशी नाही, असं असेल तर संशय कनेक्टरवर. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचे कनेक्टर साधारण 50 वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेले असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. कनेक्टर सरळ ओढून काढा. तिरका ओढला तर डिस्कवरची एल आकाराची प्लॅस्टिकची जीभ तडकते. टॉर्च लावून नीट बघा: त्या जिभेला केसाएवढी चीर आहे का, डेटाच्या 7 आणि वीजपुरवठ्याच्या 15 पट्ट्यांपैकी एखादी काळवंडली आहे का, वीजपुरवठ्याच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय किंवा वितळलंय का. चार पिनीवरून साटावर आणणारा ओतीव प्लॅस्टिकचा जोड असेल तर तो आधी काढून टाका. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. पट्ट्या मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

मग बदल करायचे, पण एका वेळी एकच. आधी डेटा केबल: धातूची खिट्टी असलेली, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आतली, आणि कनेक्टरच्या तोंडापाशी न मुडपता लावलेली. फरक पडला नाही तर मदरबोर्डवरचा पोर्ट. त्यानंतर पॉवर सप्लायची दुसरी तार. तिन्ही एकदम बदललंत तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

डिस्क स्वतः काय सांगते

क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामने डिस्कच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) वाचा. 199 क्रमांक, म्हणजे सीआरसी चुका (डेटा केबलवरून येता-जाता बिघडल्याच्या), बहुतेक वेळा केबलमधला दोष दाखवतो. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा; वाढत असेल तरच काळजी. 12 क्रमांक म्हणजे वीज किती वेळा आली-गेली. मशीन बंद केलं नाही, स्लीपलाही गेलं नाही, तरी हा वाढला तर डिस्कची वीज मध्येच तुटतेय. 10 क्रमांक वाढत असेल तर तबकड्यांना वेग घ्यायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतोय. 5, 197 आणि 198 वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतोय आणि केबल बदलून काही उपयोग नाही.

मशीन सुरू करताना डिस्कच्या कडेला बोट टेकवून ठेवा. काहीच थरथर नसेल तर वीज पोहोचत नाही, किंवा सर्किट बोर्ड वा मोटर गेली आहे. वेग घेऊन शांत फिरते पण दिसत नाही, तर डेटाची वाट किंवा सर्किट बोर्ड. आणि ठरावीक लयीत टक-टक करून थांबत असेल तर बहुधा डेटा वाचणारं हेड गेलं आहे: लगेच बंद करा, पुन्हा सुरू करून बघू नका. डेटा मोलाचा असेल तर ती थेट रिकव्हरीवाल्यांकडे न्यावी. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड नुसता काढून लावल्याने सहसा भागत नाही. बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या जुळणीची माहिती असते.

एक सोपं कारण अनेकांच्या नजरेतून सुटतं. प्लग काढल्यावर मशीनचं घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला आहे. मग बायोसची सेटिंग मूळ जागी जातात, डिस्क कशा पद्धतीने चालवायची ती एएचसीआय (AHCI) की रेड (RAID) ही निवड उलटू शकते आणि चांगली डिस्क हरवल्यासारखी वाटते. सेल बदला आणि सेटिंग पूर्वीसारखी करा.

बिघाड गेला हे कधी मानायचं? पाचांतून एकदा डिस्क गायब होत असेल तर काही दुरुस्त न होताही लागोपाठ दहा सुरुवाती नीट होण्याची शक्यता दहा टक्क्यांहून थोडी जास्तच असते. पंधरा सुरुवातींना ती साडेतीन टक्क्यांवर येते. तेव्हा किमान पंधरा मोजा, आणि मशीन पूर्ण थंड झाल्यावर केलेल्याच धरा. आणि दोषी ठरलेली केबल कापून टाका, म्हणजे ती पुन्हा कुणी दुसऱ्या मशीनला लावणार नाही.