जुनी फोर्ड मस्टँग गाडी कधी विकायची

नवं मॉडेल जाहीर व्हायच्या आधी. मी थांबलो आणि फसलो. नव्या गाडीचे फोटो बाहेर आले त्याच आठवड्यात जळगावचा दलाल बॉनेटवर टकटक करत म्हणाला, "आते नवी ई राहिनी ना भाऊ," आणि दीड लाख उतरवले.

पाच लिटरच्या व्ही-८ ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, आपल्याकडे गिऱ्हाईक कमीच, फोन येतात ते पुणे-नाशिकचे. म्हणून डिसेंबरच्या आत सौदा उरका. जानेवारी उजाडला की कागदावर गाडी एक वर्षाने म्हातारी. मे महिन्यात तर दाखवूच नका. पारा ४५ ला टेकलेला, स्टीअरिंगला हात लावता येत नाही, गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं. पुढच्या बंपरची खालची कड वाकून बघा, गतिरोधकांनी ती खरवडलेली असणारच. लपवू नका, भाव त्यातच धरा.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, मग मालकी बदलायचे २९ आणि ३०. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याच्या सवलतीचं, पत्र घ्या, ते नव्या गाडीच्या विम्याला चालतं.

जुनी विकल्यावर नवी येईपर्यंत दोन महिने मी बायकोची स्कूटी चालवली. चौकात लोक हसायचे, हसू द्या.