अर्जात ‘प्रॉब्लेम’ लिहू नका, झालंय काय ते लिहा

कर्नाटकातल्या खानापुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कचेरीचा कारभार कन्नडात, आमच्यातल्या बऱ्याच जणांची शाळा मराठीत, म्हणून मधला मार्ग काढून लोक म्हणतात, “इंग्लिशमध्ये मारून द्या की अण्णा.” आणि सुरुवात ठरलेली: “एक प्रॉब्लेम झालाय.” बोलताना काही बिघडत नाही. खरं तोच शब्द कागदावर गेला, ‘आय ॲम हॅविंग प्रॉब्लेम, काइंडली सॉल्व्ह’, की टेबलावरच्या माणसाला काही उमगत नाही. वीज, पाणी, जमीन, नाव, नेमकं कशाचं? मग कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

म्हणून टाइप करायच्या आधी मी विचारतो: मोडलंय, कमी पडतंय, उशीर होतोय, नुकसान झालंय, जुळत नाही, की भांडण आहे? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द आपोआप ठरतो, आणि तोच विषयाच्या ओळीत घालायचा.

मोडलं असेल तर ‘फॉल्ट’, ‘ब्रेकडाउन’ किंवा ‘डिफेक्ट’. चालू असलेलं बंद पडलं तर ब्रेकडाउन. नवा मिक्सर पहिल्या दिवसापासून नीट फिरत नसेल तर डिफेक्ट, वॉरंटीच्या पत्रात हाच शब्द हवा. ‘करंट प्रॉब्लेम’ तर कधीच नको. टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला असेल तर ‘ट्रान्सफॉर्मर बर्न्ट, नो पॉवर सप्लाय सिन्स’ आणि पुढे तारीख. बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, टाका. तातडीचं असेल तर आधी 1912 ला फोन लावा आणि तक्रारीचा नंबर अर्जात लिहा.

पाण्याच्या बाबतीत ‘शॉर्टेज’ आणि ‘इरेग्युलर सप्लाय’ यांत घोळ करू नका. विहीरच आटली तर शॉर्टेज, तिथे टँकर लागतो. पाणी आहे, पण वॉटरमन मनात येईल तेव्हा सोडतो, ते इरेग्युलर. येतं पण धार बारीक, तर ‘लो प्रेशर’.

जांबोटी-कणकुंबीकडचे शेतकरी गव्यांनी भात तुडवलं की येतात. ‘ॲनिमल प्रॉब्लेम’ लिहून भरपाई मिळत नाही. ‘डॅमेज टू स्टँडिंग पॅडी क्रॉप बाय वाइल्ड गौर’ असं लिहायचं. सर्व्हे नंबर, तारीख, एकूण किती गुंठ्यांपैकी किती गेलं ते, आणि सोबत उतारा व फोटो. एक बारीक गोष्ट: ‘डॅमेज’ला शेवटी ‘एस’ लावू नका. कायद्याच्या भाषेत ‘डॅमेजेस’ म्हणजे नुकसान नव्हे, भरपाईची रक्कम. जनावर दगावलं तर मात्र ‘लॉस ऑफ कॅटल’.

आता नावाचं. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी याचीच. समजा, शाळेच्या दाखल्यावर मराठीत ‘ज्ञानेश्वर’. आधारला मराठी पद्धतीनं स्पेलिंग झालं ‘डी-एन-वाय’नं सुरू होणारं. जमिनीच्या कागदावर नाव कन्नडात, तिथून कुणी इंग्रजीत उतरवलं तर सुरुवात ‘जे-एन’नं आणि शेवटी एक जादा ‘ए’. माणूस एक, कागदावर तिघे. यालाही लोक ‘नेम प्रॉब्लेम’ म्हणतात. काही हुशार पोरं ‘मिस्टेक’ लिहितात. ते त्याहून वाईट, कारण मिस्टेक म्हटलं की कुणाची, हा प्रश्न येतो आणि समोरचा हात वर करतो. ‘डिस्क्रेपन्सी इन नेम’ लिहा. दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच तो शब्द सांगतो, दोष कुणावर टाकत नाही. मूळ नोंद बरोबर असून टाइप करतानाच अक्षर चुकलं असेल, आणि तसा पुरावा हातात असेल, तरच ‘क्लेरिकल एरर’. प्रतिज्ञापत्रात सगळी स्पेलिंगं जशीच्या तशी एकाखाली एक लिहून ‘वन अँड द सेम पर्सन’ हे शब्द घालायचे. एखादं स्पेलिंग राहिलं की परत स्टॅम्प पेपरचा खर्च.

बांधाच्या कज्ज्यात ‘डिस्प्यूट’ जपून वापरा. तो लिहिला की समोरच्याचाही काही हक्क आहे, असं वाचणाऱ्याला वाटतं. तुम्हाला फक्त मोजणी करून हद्द ठरवून हवी असेल तर ‘बाउंड्री फिक्सेशन’ मागा, कन्नडात त्यालाच ‘हद्दुबस्तु’ म्हणतात.

उशिराला ‘डिले’, अडकून पडलेल्याला ‘पेंडिंग’. कर्नाटकात 2011 च्या सकाल कायद्यामुळे बऱ्याच सेवांना मुदत ठरलेली आहे, तेव्हा पोचपावतीचा नंबर देऊन ‘डिले’ लिहिलं तर त्याला वजन येतं.

हल्ली पोरांना ‘इश्यू’ फार आवडतो. मला नाही. कचेरीत इश्यू म्हणजे देणं, ‘डेट ऑफ इश्यू’ आपण रोज बघतो. त्यात वारशाच्या कागदात इश्यू म्हणजे अपत्य. ‘डाइड विदाउट इश्यू’ म्हणजे निपुत्रिक वारला. वारसा नोंदीच्या अर्जात ‘आय हॅव थ्री इश्यूज’ लिहिलंत तर तीन पोरांची नावं विचारतील!

क्रियापदंही जोडीनं येतात. फॉल्ट ‘रेक्टिफाय’ करतात, एरर ‘करेक्ट’ करतात, डिस्प्यूट ‘सेटल’ होतो. सगळीकडे ‘सॉल्व्ह’ चालत नाही. आणि ‘आय ॲम इन प्रॉब्लेम’ असं इंग्रजी नाहीच. ‘इन ट्रबल’ म्हणा, नाहीतर ‘आय हॅव अ प्रॉब्लेम’. म्हाताऱ्या माणसाला चालवत नसेल तर ‘डिफिकल्टी इन वॉकिंग’.

बोलण्यात मात्र प्रॉब्लेमला कुणी हरकत घेत नाही, फक्त सूर सांभाळा. गोव्याला हॉटेलात कामाला जाणारी पोरं बायोडाटा करायला येतात, त्यांना सांगतो: गिऱ्हाइकाला ‘व्हॉट्स युवर प्रॉब्लेम?’ विचारू नका. आपल्याकडं ‘तुझं काय दुखतंय रे?’ म्हटल्यासारखं होतं. ‘इज देअर अ प्रॉब्लेम, सर?’ बरोबर. कुणी ‘सॉरी’ म्हणालं तर ‘नो प्रॉब्लेम’ छान बसतं. ‘थँक्यू’ म्हणालं तर वयस्कर पाहुण्याला ‘यू आर वेलकम’ म्हणा. तरुणांना दोन्ही चालतं.