उन्हाळ्यात ब्रॉयलर कोंबडीला सेलेनियम द्यायचंय? मग आधी वजनकाटा घ्या

मागच्या एप्रिलमध्ये एका हॉटेलवाल्यानं फोन करून विचारलं, भावा तुझ्या कोंबडीत पाणी भरलंय काय, पातेल्यात टाकली की नुसतं पाणीच सोडतंय आणि फोडी पण पांढऱ्याफटक दिसत्यात. पाणी कोण भरणार, पण तक्रार खोटी नव्हती. आमचं शेड हातकणंगल्याच्या बाजूला, पत्र्याचं, दुपारी आत उभं राहवत नाही, आणि वळीव पडून गेला की तर अजूनच बेक्कार, कारण हवेत दमटपणा वाढतो आणि पक्ष्यानं कितीही धापा टाकल्या तरी अंग थंड होत नाही.

होतं काय बगा. कोंबडीला घाम येत नाही आणि तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ डिग्री. उष्णता वाढली की पेशीत फ्री रॅडिकल, म्हंजे नासधूस करणारे कण, जास्त तयार होतात, ते पेशीच्या पडद्यातली चरबी खराब करतात, पडदा गळका होतो आणि मांसातलं पाणी बाहेर यायला लागतं. त्यात तापलेला पक्षी कापला की मांस गरम असतानाच त्यात आम्ल झपाट्यानं वाढतं, प्रोटीनची पाणी धरायची ताकद जाते, रंग फिका पडतो. शरीरात ह्याला आवर घालणारं एक एन्झाइम असतं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, आणि ते बनायला सेलेनियम हे खनिज लागतं. व्हिटॅमिन ई पडद्यातच बसून राखण करतं, म्हणून ही दोघं जोडीनं दिली जातात.

आता द्यायचं कसं. पहिलं काम म्हंजे प्रीमिक्सचं (खाद्यात घालायचं व्हिटॅमिन-खनिजांचं तयार मिश्रण) पाकीट वाचायचं, कारण बहुतेक प्रीमिक्समध्ये सेलेनियम आधीच असतं आणि आपण त्यावर अजून ओतत बसतो. (करारावर कंपनीचे पक्षी असतील तर खाद्यात हातच घालू नका, सुपरवायझरला विचारा, विषय संपला.) ब्रॉयलरची मूळ गरज किलो खाद्याला ०.१५ मिलिग्रॅम धरतात. अमेरिकेत वरून ०.३ पर्यंतच घालायला परवानगी आहे आणि युरोपात कच्च्या मालातलं धरून एकूण ०.५ च्या वर जाता येत नाही. मी ०.३ वर थांबतो. ३ च्या पुढं तर पक्ष्याला धोकाच, म्हंजे औषध आणि विष ह्यात फक्त दहापटीचं अंतर, आणि अंदाजानं मूठ टाकणाऱ्याला दहापट चुकायला वेळ लागत नाही. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, तिथं जनावरांची खुरं झडतात, त्यामुळं जास्त घातलं तर जास्त फायदा हे डोक्यातनं काढा.

हिशोब सोपा आहे, १ पीपीएम म्हंजे किलोला १ मिलिग्रॅम, म्हंजेच टनाला १ ग्रॅम. समजा पाकिटावर लिहिलंय की किलोत ३०० मिलिग्रॅम सेलेनियम आणि डोस टनाला अर्धा किलो, तर १५० मिलिग्रॅम गेलं, म्हंजे ०.१५ झालं. उरलेल्या ०.१५ साठी २००० पीपीएमचं सेलेनियम यीस्ट (सेलेनियम मुरवलेलं यीस्ट) घेतलं तर टनाला ७५ ग्रॅम. एवढंच! म्हणून म्हणतोय सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा घ्या.

यीस्टच का, तर सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा क्षार स्वस्त आहे, एन्झाइम त्यानंही वाढतं, पण मांसात साठा फारसा होत नाही. यीस्टमधलं सेलेनियम मेथिओनिन ह्या प्रोटीनच्या घटकाच्या जागी जाऊन स्नायूत बसतं, उन्हात पक्ष्यानं खाणं कमी केलं तरी थोडी शिल्लक राहते. महाग पडतं हे खरं, पण मांस सुधारायला देत असाल तर माझं मत यीस्टलाच. आणि सेलेनाइटची शुद्ध पावडर कुठं मिळाली तरी आणू नका, लई विषारी, आधीच पातळ केलेलं प्रीमिक्सच घ्यायचं, मास्क आणि हातमोजे घालून.

मिसळताना ७५ ग्रॅम थेट टनात टाकलं तर एका पोत्यात सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. आधी १ किलो मक्याच्या भरड्यात घोळा, मग तेच १० किलोत, मग मिक्सरला. फावड्यानं जमिनीवर कालवणार असाल तर नको, राहू दे.

सुरुवात कधी? तर पक्षी धापा टाकायला लागल्यावर नाही. स्नायूत साठायला वेळ लागतो, त्यामुळं फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या बॅचला पहिल्या दिवसापासून, नाहीतर निदान लिफ्टिंगच्या (पक्षी विक्रीला उचलायच्या) तीन आठवडे आधीपासून, शेवटपर्यंत.

पाण्यातनं द्यायची ई-सेलेनियमची बाटली मिळते, तिथं मी स्वतः चुकलोय. लिटरमागं इतकं मिली असं धरून टाकत गेलो, पण उन्हात पक्षी दुप्पट-तिप्पट पाणी पितो, म्हंजे डोस पण तेवढाच वाढला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. डोस पक्ष्यांच्या वजनावर काढा, तो सकाळच्या थोड्या पाण्यात संपवा आणि मग साधं गार पाणी सोडा. त्याच टाकीत व्हिटॅमिन सी घालू नका, सेलेनाइटवाल्या बाटलीचं त्यानं लालसर गाळ होऊन खाली बसतं, कामाचं राहत नाही.

बाकी फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे), पंखे, पत्र्यावर पाचट, दुपारी खाद्य उचलणं, पहाटे लिफ्टिंग हे नसेल तर सेलेनियम काय जादू करणार नाही. ते मरतूक थांबवायला नाहीच मुळी.

फरक पडला का ते बघायला लॅब लागत नाही. छातीचा १०० ग्रॅमचा तुकडा, दोऱ्यानं पिशवीत असा टांगायचा की पिशवीला चिकटू नये, फ्रिजमध्ये २४ तास, मग पुसून परत वजन, जेवढं घटलं तेवढं पाणी सुटलं. सेलेनियमवाली आणि बिनसेलेनियमवाली अशा दोन्ही बॅचचे पाच-पाच तुकडे, पक्ष्याचं वय आणि कापायची वेळ सारखीच ठेवून, आणि आकडे वहीत लिहून ठेवा, कारण हॉटेलवाला पुढच्या उन्हाळ्यात परत फोन करणारच.