युरोपबद्दल मुलांना जे वाटतं, ते योग्य माणसापर्यंत कसं पोहोचवायचं

हे जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या आईबाबांसाठी लिहिते आहे, त्यातही ज्यांच्या घरात अजून भारतीय पासपोर्ट आहेत त्यांच्यासाठी. मी स्टुटगार्टला राहते, शनिवारी मराठीचा वर्ग घेते. त्यातल्या मोठ्या मुलांकडून, म्हणजे चौदा ते सतरा वयाच्या, मी एक काम करून घेते: युरोप पुढे कसा असावा ते आपसांत बोलायचं, लिहायचं आणि प्रत्यक्ष पाठवायचं. सुरुवातीला कुणीतरी हमखास विचारतं, "पण काकू, आपल्याला इथे मत कुठे आहे?"

मताचं खरं आहे. २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीत पहिल्यांदा सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केलं. ऑस्ट्रिया, माल्टा आणि बेल्जियममध्येही वय सोळाच होतं, ग्रीसमध्ये सतरा. पण हा हक्क युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांचा. शेजारच्या बाकावरचा मित्र मत देऊन येतो आणि आपण नाही, हे मुलांना लागतं. ते लागणं खोटं ठरवू नका. फक्त पुढची गोष्ट सांगा: युरोपीय संसदेकडे अर्ज (पिटिशन, म्हणजे आपली मागणी किंवा तक्रार लेखी मांडणं) करण्याचा हक्क नागरिकांपुरता नाही. संघाच्या कारभाराच्या करारात कलम २२७ आहे, त्यानुसार संघात राहणारी कुणीही व्यक्ती, पासपोर्ट कुठलाही असो, अर्ज करू शकते. जर्मनीच्या राज्यघटनेतलं कलम १७ सुद्धा असा हक्क प्रत्येकाला देतं. हे ऐकलं की वर्गातली मुलं सरसावून बसतात.

विचारायचं कसं

"युरोपकडून तुझ्या काय अपेक्षा आहेत?" असं विचारलंत तर शाळेत पाठ केलेलं उत्तर मिळेल: शांतता, पर्यावरण, समानता. त्यात चूक काही नाही, पण त्यात तुमचं मूल नाही. म्हणून मी वेगळं विचारते. तू तीस वर्षांची असशील तेव्हा कुठल्या गावात राहशील? कामाला कशाने जाशील? आईला अचानक दवाखान्यात ठेवलं, तर तिच्यापाशी किती तासांत पोहोचशील? घरभाडं कोण भरेल? या प्रश्नांवर मुलं तासभर बोलतात, मराठीत सुरू करून जर्मनमध्ये संपवतात. बोलू द्या. भाषा दुरुस्त करायची ती वेळ नव्हे.

आणि कृपा करून त्या खोलीत बसू नका. बाबा समोर असले की मुलगा बाबांचं वाक्य बोलतो. चिवडा ठेवा, फोन बाजूला ठेवायला सांगा आणि दार लावून घ्या. एका मुलाने किंवा मुलीने सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायचं, सारांश करायचा नाही.

पहिल्यांदा भीती बाहेर येते, याची तयारी ठेवा. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर यांच्या वर्गांत युक्रेनची मुलं येऊन बसली आहेत. युद्ध यांना बातम्यांतून कळलेलं नाही. शहरातली भाडी, उन्हाळ्यातला उकाडा, सैन्यसेवेची चर्चा, सगळं येतं. तिथे "असं काही होत नाही रे" म्हणून थोपटू नये. भीतीचा कागद भरला की मगच विचारावं: मग काय असायला हवं?

ते कुणाच्या हातात आहे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. मुलांच्या कल्पना चांगल्याच असतात, पण चुकीच्या पत्त्यावर गेल्या की तिथेच पडून राहतात. फळ्यावर तीन रकाने करा: शहर, राज्य, युरोप. प्रत्येक कल्पना एकात टाका. वाद होतील, व्हायलाच हवेत.

आमच्या वर्गातली तीन उदाहरणं देते.

एका मुलीला शाळेत मानसोपचाराची सोय हवी होती, संपूर्ण युरोपभर, प्रत्येक शाळेत. कल्पना मोठी आणि कळकळीची. पण शालेय शिक्षण संघाच्या हातात नाही, तो सदस्य देशांचा विषय आहे. जर्मनीत तर तो प्रत्येक राज्याचा. म्हणजे तिचा पत्ता संघाचा कारभार चालतो ते ब्रसेल्स नाही, आमच्या राज्याचं, बाडेन-व्युर्टेम्बर्गचं शिक्षण खातं आहे, आणि ते स्टुटगार्टमध्येच आहे. ती नाराज होईल असं वाटलं होतं, पण पत्ता इतका जवळ निघाला म्हणून खूश झाली.

दुसऱ्याला विमानात न बसता युरोप फिरायचा होता. "रेल्वे सुधारा" एवढ्याने भागत नाही. त्याच्याकडून खोदून घेतलं तेव्हा मुद्दा निघाला: तीन देशांच्या गाड्यांची तीन वेगळी तिकिटं काढावी लागतात आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर वेगळ्या तिकिटांवर पुढच्या गाडीत बसण्याचा हक्क नसतो. सगळ्या प्रवासाचं एकच तिकीट असावं आणि हा हक्क त्यासोबत यावा. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा कायदा युरोपचा आहे, तेव्हा हा नक्की तिसऱ्या रकान्यातला.

तिसरा मुलगा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून आलेला, वडिलांच्या नोकरीमुळे. तो म्हणाला, "तिकडची वर्षं गेली कुठे?" संघाचा दीर्घकालीन निवासाचा परवाना पाच वर्षं सलग राहिल्यावर मिळतो, पण २००३ च्या नियमानुसार ती पाच वर्षं एकाच देशातली लागतात. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्यांना थोडी सवलत आहे, सगळ्यांना नाही. वेगवेगळ्या देशांतली वर्षं एकत्र धरावीत, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये मांडलाही होता. आपण जे बोललो तेच ब्रसेल्समधल्या कुणीतरी कागदावर मांडलं आहे, हे पाहून त्या पोराचा चेहरा बदलला. त्या दिवसापासून तो स्वतःहून वाचतो आहे.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर समजावा: युरोपीय संसद स्वतः कायद्याचा मसुदा मांडत नाही. मांडतो तो आयोग. संसद आणि सदस्य देशांची सरकारं त्यावर चर्चा करतात, तो बदलतात, मंजूर करतात. "खासदारकाका, कायदा करा" असं लिहून उपयोग नाही. "आयोगाकडे याचा आग्रह धरा" असं लिहावं लागतं.

लिहायचं कसं

एक पान. आधी सध्या काय होतं ते, स्वतःच्या अनुभवातून. मग ते का अडचणीचं आहे. मग नेमकं काय बदलावं. शेवटी, हे तुम्ही करू शकता असं मला का वाटतं. बस. एका पत्रात एकच कल्पना, कितीही मोह झाला तरी. भाषा जर्मन असली तरी चालेल, इंग्रजी असली तरी; संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कुठलीही. चॅटजीपीटीकडून गुळगुळीत करून घेऊ नका. "तिकडची वर्षं गेली कुठे?" हे वाक्य त्या मुलाचंच आहे, ते पत्रात तसंच राहायला हवं.

मुलं म्हणतात, आपल्यासारख्यांना कुणी विचारतं का? विचारतात. २०२१-२२ मध्ये युरोपच्या भविष्याविषयी परिषद भरली, तिच्या नागरिक गटांत ८०० माणसं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती आणि त्यांतली एक तृतीयांश १६ ते २५ वयाची होती. त्या परिषदेतून ४९ प्रस्ताव निघाले. ते मुलांसमोर ठेवा, मागणी कशी मांडतात ते त्यातून कळतं.

पाठवायचं कुठे

जर्मनीचे ९६ खासदार युरोपीय संसदेत आहेत. ते मतदारसंघातून नव्हे, पक्षांच्या याद्यांवरून निवडून येतात, त्यामुळे "आपल्या भागाचा" खासदार शोधण्यापेक्षा विषयाची समिती शोधा. रेल्वेसाठी परिवहन समिती, निवासाच्या परवान्यासाठी नागरी स्वातंत्र्य आणि गृह विषयांची समिती. त्यातले तीन-चार जण निवडा, निरनिराळ्या पक्षांचे. सगळ्या ९६ जणांना एकच ईमेल पाठवणं म्हणजे कुणालाच न पाठवणं.

अर्ज करायचा असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर त्याची वेगळी जागा आहे. नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता द्यावा लागतो. विषय संघाच्या अखत्यारीतला हवा आणि अर्जदाराशी थेट संबंधित हवा. गटाने करायचा असेल तर एक प्रतिनिधी ठरवा. अर्ज सार्वजनिक होऊ शकतो, म्हणून नाव गुप्त ठेवण्याची मागणी तिथेच करून टाका. लहान मुलांच्या बाबतीत मी हे नेहमी सुचवते.

दहा लाख सह्या जमवून आयोगाकडे कायद्याची मागणी करण्याच्या नागरिक पुढाकाराबद्दलही मुलं विचारतात. त्यात किमान सात देशांत ठराविक सह्या लागतात आणि सही फक्त संघाच्या नागरिकांना करता येते, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांना नाही. तरी त्याचं एक उदाहरण मी सांगते, कारण धीर किती धरावा लागतो ते त्यातून समजतं. पाणी हा हक्क आहे असं म्हणणाऱ्या मोहिमेने २०१३ मध्ये दहा लाखांहून कितीतरी जास्त सह्या जमवल्या; पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा आला २०२० मध्ये. सात वर्षं. सोळाव्या वर्षी सही करणारी मुलगी तोवर तेवीस वर्षांची झालेली असते.

शहराच्या रकान्यातल्या कल्पना सगळ्यात लवकर हलतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नगरपालिकांनी मुलांशी संबंधित निर्णयांत त्यांना सामील करून घ्यावं, असा कायदाच आहे, आणि स्टुटगार्टमध्ये तरुणांच्या परिषदा भागाभागांत आहेत. नियम गावोगाव वेगळे, तेव्हा आपल्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, मुलालाच विचारायला पाठवा, तुम्ही सोबत जाऊ नका.

उत्तर आलं नाही तर सहा आठवड्यांनी एक छोटी आठवण पाठवायची, त्याच पत्राची प्रत जोडून. आलं आणि ते गुळमुळीत असलं, तर एकच नेमका प्रश्न परत विचारायचा.

सोळा पूर्ण झालेल्यांना आणखी एक सुचवते. स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेतच दर दोन वर्षांनी १६ ते ३० वयाच्या तरुणांचा मेळा भरतो. स्टुटगार्टहून थेट गाडीने दीड तासही लागत नाही. आणि अठराव्या वर्षी डिस्कव्हर-ईयू या संघाच्या प्रवास योजनेचा अर्ज करा; निवड झाली तर रेल्वेचा पास फुकट मिळतो आणि तो कायदेशीर रहिवाशांनाही खुला आहे, भारतीय पासपोर्ट असला तरी. अर्ज वर्षातून दोनदा निघतात, मुदत थोडीच असते, म्हणून युरोपीय युवा पोर्टलवर आधीच नजर ठेवा.